बिस्किटाच्या डब्यातले बिल्ले

दिगू, मेल्या, तुझ्या शोकसभेत लोक पोट धरून हसले, आणि ते पाप माझं आहे.

आपल्या ग्रामस्थ मंडळाच्या अध्यक्षांनी, नानांनी, मला बोलायला दोन मिनिटं दिली होती. मी पंचवीस घेतली. पण त्याआधी नाना स्वतः बोलले. म्हणाले, "दिगंबर अजातशत्रू होता." तू? विक्रोळी पूर्वेतला एक भाजीवाला, एक वॉचमन, एक सोसायटीचा सेक्रेटरी दाखवावा कुणी, ज्याच्याशी तू कचाकचा भांडला नाहीस. तुझा फोटो टेबलावर हार घालून ठेवला होता, तोही नानांकडे डोळे वटारून बघत होता. मग मी उठलो आणि सुरू झालो. तू आमच्या बिल्डिंगचा मेन व्हॉल्व्ह इतका आवळलास की मुलुंडपर्यंत तीन दिवस पाणी गेलं नाही, ती गोष्ट. गोरेगावच्या स्टुडिओत आपण पाइप बदलायला गेलो होतो, राजवाड्याच्या सेटवर बिबट्या येऊन सिंहासनावर बसला आणि मी पाइपपाना परजत त्याला शेपटीला धरून बाहेर काढला, ती गोष्ट. वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा हसल्या असतील.

मनू हसली नाही. तुझी लेक तुझ्यावरच गेली आहे. सभा संपल्यावर जिन्यात तिने मला गाठलं. "बाबलकाका, बाबांनी तुम्हाला जे सांगायला सांगितलं होतं, ते हे नव्हतं."

मी म्हटलं, "सांगतो गं. नंतर."

"कधी? ठराव झाल्यावर?"

अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलते, पण टोचायचं असलं की मराठीतच टोचते. मी चपला शोधायच्या निमित्ताने खाली वाकलो. चपला पायातच होत्या.

तुझी एक सवय होती, दिगू. मी चारचौघांत काहीही फेकलं, अगदी वाकोल्याच्या नाल्यात मला मगर दिसली म्हणून सांगितलं, तरी ऐकणारे तुझ्याकडे वळायचे. तू विडी बाजूला करायचास, मान हलवायचास आणि म्हणायचास, "होय. मी होतंय थंय." तू तिथे कधीच नसायचास. मगरीच्या दिवशी तू गावी होतास. चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक थापेला तू साक्षीदार राहिलास. आणि तुझी एकच खरी गोष्ट होती, तिला साक्षीदार मी एकटा. मी गप्प बसलो.

आता लिहितो. रागाने लिहितो.

विक्रोळीतली आपली कंपनी आपल्याला नारळ देऊन मोकळी झाली, तेव्हा तू पाइपफिटर होतास आणि मी स्टोअरकीपर. एका ठेकेदाराने दोघांना उचललं आणि दूरच्या राज्यातल्या एका अणुवीज केंद्रावर नेलं. त्या केंद्राचं नाव मी लिहीत नाही. घाबरून नाही. बरं, थोडं घाबरूनच. तूही कधी नावाने बोलला नाहीस, 'घुमट' म्हणायचास. वर्षातून एकदा घुमट बंद ठेवून आतली दुरुस्ती करायचे. सहा आठवड्यांचा हंगाम. आपण असे सात हंगाम केले. गावच्या लोकांना मी सांगायचो की मी अणू फोडतो. प्रत्यक्षात मी बाहेरच्या शेडमध्ये बसून पाने, हातमोजे आणि फडकी वाटत होतो.

आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक प्लास्टिकचा बिल्ला असायचा, काडेपेटीएवढा. माणसाच्या अंगाला किती किरणं लागली हे तो बिल्ला मोजायचा. महिन्याने तो तपासायला जायचा, आणि आकडा चढलेला दिसला की त्या माणसाला आत जायला बंदी. घरी जा. पुढच्या हंगामाला बोलावतील याची खात्री नाही. नियम चांगला होता रे. कागदावर त्याच्यासारखा नियम नाही.

पण तू फिटर होतास. आत एका वेळी वीस मिनिटं थांबायची परवानगी, आणि वर्षानुवर्षं बसलेला नट काय घड्याळ बघून सुटतो? अर्धा आवळलेला जोड दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, ही तुझी शिस्त. घरच्या नळालासुद्धा तू दुसऱ्याला हात लावू दिला नाहीस, तर तिथे कसा देशील? म्हणून पहिल्या वर्षी तू माझ्या शेडच्या खिडकीशी आलास, बिल्ला काढलास आणि म्हणालास, "ठेव रे, येतंय परत."

मी ठेवला. माझ्याकडे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. कसा डबा, तर सरळ उघडायचाच नाही. त्याच्या झाकणावर डाव्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबायचं, मग टक् आवाज होऊन ते सुटायचं. तुझं बघून दुसरे आले. सगळे फिटर, वेल्डर. हंगाम भरात असला की डब्यात पंधरा-वीस बिल्ले. बाहेर ऊन, आत किरणं, आणि बिल्ले माझ्या टेबलाखाली सावलीत, फडक्यावर. त्या केंद्रात सगळ्यांत सुखाचं आयुष्य कुणी काढलं असेल तर त्या बिल्ल्यांनी. आपण माणसांना आत पाठवलं आणि बिल्ल्यांना जपलं. दारावर बघणारा माणूस होता. सुपरवायझरही होता. त्यांचेही डोळे होते, दिगू. फक्त हंगाम संपेपर्यंत ते कामाला लावायचे नाहीत, असं त्यांचं ठरलेलं होतं.

मला तेव्हा ही केवढी हुशारी वाटायची. चहाच्या टपरीवर मी सांगायचो, "सरकारचं यंत्र माझ्या डब्यात झोपतं." सगळे हसायचे. सावंत तर मांडी थोपटायचा. तोच आपला मुलुंडचा सावंत, वेल्डर, जो आता मंडळाच्या बैठकीला येतो आणि शेवटच्या रांगेत बसून पेंगतो.

वीस वर्षं गेली. आणि मग आपल्या कातळवाडीच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, जिथे पावसाळ्यानंतर जांभळी फुलं येतात आणि बाकी वर्षभर काहीच येत नाही असं सरकारला वाटतं, तिथे अणुवीज केंद्र आणायचं ठरलं. पुढच्या महिन्यात गावात जनसुनावणी आहे. मुंबईकरांनी पाठिंब्याचा ठराव दिला तर बरं, असं ते केंद्र उभारणाऱ्या कंपनीचं म्हणणं. आणि मंडळाचा सेक्रेटरी कोण, तर मी. अक्षर कुणाचं चांगलं, तर माझं.

आपलं भांडण तिथे सुरू झालं, आणि ते तसंच अर्धं टाकून तू गेलास.

मी म्हणायचो, "दिगू, वीज काय आभाळातून पडते?"

"पडता की. पावसात बघ."

"धूर नाही, कोळसा नाही. गावाला रस्ता होईल. पोरांना नोकऱ्या लागतील."

"होय. बिल्लो लावतले आणि तुझ्यासारख्याक देतले."

मी चिडायचो. तू जुना माणूस, तुला प्रगती नको, असं मी तुला सगळ्यांसमोर म्हटलं आहे. ते परत घेतो. उशीर झालाय, तरी घेतो.

घाटकोपरच्या शाळेच्या हॉलमध्ये कंपनीचे साहेब आले होते, तो रविवार आठवतो? पडद्यावर निळा समुद्र, हिरवा सडा, मधोमध पांढरा घुमट, आणि त्यावर उडणारे बगळे. इतके बगळे मी जन्मात एका ठिकाणी पाहिले नाहीत, आणि मी तर आकडा वाढवून सांगणारा माणूस. आपल्या गावच्या कोळीवाड्यातून आलेल्या एका बाईने विचारलं, "तुमचं यंत्र थंड करून गरम झालेलं पाणी आमच्या खाडीच्या तोंडाशी सोडणार. मासळीने काय करायचं?" साहेब हसून म्हणाले, पाणी थोडंसंच कोमट असेल. ती म्हणाली, "पापलेट अंघोळीला नाय येत, साहेब." हॉल हसला, साहेबांनी पुढचं चित्र लावलं.

मग तू उठलास. तू विचारलंस की जळून झालेल्या इंधनाचं काय करणार. साहेब म्हणाले, आधी बरीच वर्षं पाण्याच्या टाकीत ठेवणार, मग कायमचं सुरक्षित ठिकाणी. तू विचारलंस, कायमचं म्हणजे किती. ते म्हणाले, काही भाग हजारो वर्षं जपावा लागतो, पण तंत्रज्ञान आहे. तू विचारलंस, "आणि जपतलो कोण?"

तेव्हा मला वाटलं, हा काय अडाणी प्रश्न. आता तोच प्रश्न छातीवर येऊन बसतो. आपल्या सोसायटीत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची चावी तीन वर्षांत चार वेळा हरवली. नवीन सेक्रेटरी आला की जुनं रजिस्टर गायब होतं. लिफ्टच्या आत लावलेल्या तपासणीच्या कागदावर तारीख कुठल्या जमान्यातली आहे ते देवाला माहीत. समोरची चाळ पाडायला घेतली आणि बिल्डर अर्ध्यात पळाला. उघड्या सळया तशाच उभ्या आहेत, त्यांच्यावर आता कावळे संसार करतात. साधी चाळ नीट पाडून होत नाही आपल्याच्याने. तो घुमट म्हातारा झाल्यावर कोण पाडणार? त्याची एकेक वीट कुठे नेऊन ठेवणार? त्या टाकीतलं पाणी आटू नये म्हणून माझ्या नातवाच्या नातवाच्या नातवाने रोज सकाळी उठून बघायचं, रजिस्टरात खरं लिहायचं, आणि त्याच्याही पुढच्या शंभर पिढ्यांनी खरं लिहायचं. हजारो वर्षं खरं बोलायचं आहे, दिगू. आणि आपण सहा आठवडे बोललो नाही.

त्याच रविवारी साहेबांनी शेवटचा तक्ता लावला. देशातल्या केंद्रांत काम केलेल्या कामगारांच्या नोंदी. सगळे खांब बुटके, मर्यादेची लाल रेघ खूप वर. "हे आम्ही म्हणत नाही," साहेब म्हणाले, "ह्या नोंदी बोलतायत."

तू माझ्या कानाशी वाकलास. "बाबल्या, तुझो डबो बोलता हा."

आणि तू परत उठायला लागलास. मी तुझा शर्ट मागून धरला आणि तुला खाली खेचलं. एवढ्या जोरात की शिवण उसवली. तिचा टर्र आवाज मी ऐकला. "बस. मला अडकवशील," म्हणालो. तू माझ्याकडे बघितलंस आणि बसलास. जन्मात कुणाचं न ऐकणारा तू, त्या दिवशी ऐकलंस. का ऐकलंस रे?

पुढे तुझं अंग काळंनिळं पडायला लागलं, ताप उतरेना, आणि डॉक्टर म्हणाले रक्ताचा कॅन्सर. त्यांनी विचारलं, कधी किरणांजवळ काम केलंय का. मनूने अर्ज करून केंद्राकडून तुझी नोंद मागवली. एका पानाचं पत्र आलं. सहा हंगामांसमोर एकच शेरा: मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी; सातव्यासमोर, बिल्ला हरवला. डॉक्टर चांगला तरुण माणूस होता, त्याने ते पत्र दोनदा वाचलं. म्हणाला, "आजार कशाने झाला हे असं ठामपणे कधीच सांगता येत नाही. आणि कागदावर तर काहीच नाही. मी काय लिहू?"

मीही म्हणत नाही की किरणांनीच झालं. मला काय कळतं? तू दिवसाला दोन बंडलं विड्या ओढायचास, विक्रोळीच्या कंपनीत रसायनांच्या वाफा खाल्ल्यास. पण झालं की नाही झालं, हे विचारायची जागाच आपण पुसून टाकली. हा माझा संताप आहे. ठेकेदाराला हंगाम पुरा हवा होता, सुपरवायझरला शांतता हवी होती, तुला जोड पुरा आवळायचा होता, मला टपरीवर भाव खायचा होता. सगळ्यांना जे हवं ते मिळालं, आणि त्यातून जे शून्य तयार झालं ते आता सूट घालून घाटकोपरच्या हॉलमध्ये भाषण करतं. आणखी किती शेडमध्ये किती डबे असतील? कदाचित एकही नसेल. आपणच तेवढे नग असू. पण कुणी शोधलं का? बुटका खांब दिसला की खुश व्हायचं, तो बुटका का आहे हे विचारायचं नाही, आणि त्याच्या भरवशावर एक आख्खा सडा, एक खाडी आणि अजून न जन्मलेली माणसं टांगायची. ह्याला सुरक्षितता म्हणत असतील तर मी बिबट्याला खरोखर शेपटीला धरलं होतं.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तू मला म्हणालास, "आता तू सांग."

मी म्हटलं, "मी? माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? विक्रोळीतलं कुत्रंसुद्धा माझं ऐकून दुसरीकडे बघतं."

तू हसलास. हसताना हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून तोंड मिटून हसलास. "म्हणानच. तुझ्या सगळ्या गोष्टीत तूच हिरो असतंस. ह्या गोष्टीत तू नाय. लोकांका खरां वाटात."

मी विषय बदलला. नर्सबद्दल काहीतरी बोललो. तू डोळे मिटलेस, मला वाटलं झोपलास. नंतर वहिनी म्हणाल्या, "झोपले नव्हते ते. तुमच्या उत्तराची वाट बघत होते."

काल बैठक होती. ठरावाचा मसुदा माझ्याच अक्षरात होता: "कामगारांच्या सुरक्षिततेच्या नोंदी निर्दोष असल्याने हे मंडळ..." इथपर्यंत मी मोठ्याने वाचलं आणि थांबलो. पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. हो, तोच. इतकी वर्षं घरात सुईदोऱ्याचा डबा म्हणून राहिला. त्यात बटणांच्या खाली तुझा शेवटच्या हंगामातला बिल्ला आहे. तू तापाने फणफणून मधूनच घरी आलास, मी तो परत करायचा विसरलो आणि नोंदीत 'हरवला' लिहिलं.

"हा काय आणलास, बाबल?" नाना म्हणाले. "खाऊ?"

सगळे हसले. मी सुरुवात केली. पहिली पाच मिनिटं लोक हसतच होते, बिल्ले सावलीत झोपायचे म्हटल्यावर तर एकाने टाळी दिली. कुठे बिबट्या येतो याची वाट बघत होते. बिबट्या आला नाही. मी तुझा शर्ट कसा खेचला ते सांगितलं. कोण हसत नाही ते बघायला मी मान वर केली, तर कोणीच हसत नव्हतं. मनू दाराशी उभी होती.

नाना घसा साफ करून म्हणाले, "बाबल, तुझं दुःख आम्ही समजतो. पण ठराव म्हणजे काय तुझी फेकाफेकीची गजाल नाही. पुरावा काय?" आणि त्यांनी डबा स्वतःकडे ओढला. झाकण खेचलं. नखं घातली. टेबलाच्या कडेवर आपटलं. डबा उघडेना. "ह्याचं झाकण गंजलंय," ते म्हणाले. "ह्यात काय आहे ते देवालाच ठाऊक."

मी हात पुढे करणार, तेवढ्यात शेवटच्या रांगेतली खुर्ची सरकली. सावंत. काठी टेकत तो पुढे आला. मला वाटलं, लघवीला चाललाय. टेबलाशी थांबला. कुणाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. काठी बगलेत धरली, अंगठा झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला आणि दाबला.

टक्.

झाकण सुटलं. बटणं, रिळं, आणि तळाशी तुझा बिल्ला, कोरा करकरीत.

नानांनी विचारलं, "सावंत, तुम्हाला कसं ठाऊक?"

सावंतने काठी परत हातात घेतली.  मग, दिगू, अगदी तुझ्यासारखी मान हलवून म्हणाला:

"होय. मी होतंय थंय."